स्टिकरखालचा स्क्रू

पक्कडकाकांचं बूड त्या दिवशी एका जागी टिकायला तयार नव्हतं. कारण सकाळी आठ वाजता, चहाच्या कपाबरोबर, बायकोनं सहज सांगावं तसं सांगितलं, की कंपनीला फोन केलाय, आज चार वाजता तपासणीला कुणीतरी येणार, कॉम्प्युटर बघणार आणि सही घेऊन वाढीव वॉरंटी देऊन जाणार. पुरती तीन वर्षांची. कॉम्प्युटर घेतल्यापासून तीस दिवसांच्या आत ती घ्यावी लागते आणि आज तिसावा दिवस आहे. काकांनी कप तसाच खाली ठेवला.

"तपासणी कसली?" त्यांनी विचारलं.

"काही नाही हो. कुणी उघडलंबिघडलं नाही ना, एवढंच बघतात म्हणे."

आणि कप धुवायला त्या आत गेल्या. काका टेबलाशी बसून राहिले, मग उठले, मग पुन्हा बसले, आणि मग चपला शोधू लागले. चपला पायातच होत्या.

उघडलं होतं. कुणी, हे काय वेगळं सांगायला हवं? त्या घरात उघडणारा माणूस एकच होता.

काकांचा धंदा मोटरी भरायचा. पंपाची, पंख्याची, पिठाच्या गिरणीची, कसलीही जळालेली मोटर त्यांच्या दुकानात आणून टाका. आतली काळी पडलेली तार ते उपटून काढायचे आणि नवी तांब्याची तार, एक एक वेढा मोजत, भरून द्यायचे. एकदा वस्तू हातात घेतली की सुटायची नाही, म्हणून गल्लीनं त्यांना पक्कडकाका करून टाकलं होतं. दुसऱ्यांची कामं वेळेवर, चोख, नाव ठेवायला जागा नाही. घरात मात्र दिव्याखाली अंधार. झोपायच्या खोलीतला पंखा काढला तो अकरा महिन्यांनी पुन्हा लागला. बायकोचं शिलाई मशीन "जरा तेल देतो" म्हणून उघडलं, ते चार वर्षं खोक्यात पडून आहे. सासऱ्यांचा जुना रेडिओ उघडला तेव्हा तो वाजत होता, यापलीकडे त्याबद्दल काही बोलण्यासारखं नाही. हेतू दर वेळी चांगलाच असायचा. पण चांगल्या हेतूवर पंखा फिरत नाही ना.

बायकोला सगळे ड्रॉइंगबाई म्हणत. बांधकाम खात्याच्या कचेरीत त्यांनी तीस वर्षं नकाशे काढले. बाईंची रेघ म्हणजे रेघ. एकदा साहेबानं एक तयार नकाशा सहीला पुढे केला. त्यात जिना होता त्यापेक्षा अर्धा फूट रुंद दाखवला होता. बाईंनी सही केली नाही. साहेबानं समजावलं, मग दम दिला, मग बाईंना तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत नेऊन बसवलं. दोन वर्षं बाईंनी तिथली धूळ खाल्ली, सर्दीनं बेजार झाल्या, पण सही काही केली नाही. निवृत्त झाल्यावर एका इंजिनीयरनं त्यांना घरबसल्या नकाशांचं काम दिलं, म्हणून हा कॉम्प्युटर. मोठा पडदा, खाली काळी जड पेटी, सगळं स्वतःच्या पैशानं घेतलेलं. तो घरात आला त्याच दिवशी बाईंनी पेटीवर हात ठेवून सांगितलं होतं, की हे माझं आहे, याला तुम्ही हात लावायचा नाही. आवाज आला तरी नाही, धूर आला तरी नाही.

काकांनी मान डोलावली. आणि खरंच, नऊ दिवस त्यांनी हात लावला नाही. माणसानं किती सोसावं यालाही मर्यादा असते.

दहाव्या दिवशी गंमत अशी झाली, की बाईंनी त्यांचं मत विचारलं. वॉरंटीचं पत्रक पुढे ठेवून म्हणाल्या, पहिलं वर्ष तर फुकट आहेच, पुढच्या तीन वर्षांसाठी ही जादाची घेऊ का नको, तुमचं काय म्हणणं? तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात काकांनी मतं पुष्कळ दिली होती, पण ती मागितली अशी फारशी कधी गेली नव्हती. त्यांना भरून आलं. आता मत द्यायचं तर नीट द्यायला हवं, आणि आत काय माल घातलाय ते न बघता मत देणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. बाई एका प्लॉटची मापं घ्यायला बाहेर गेल्या आणि काकांनी पेचकस काढला.

दोन स्क्रू सरळ निघाले. तिसऱ्यावर चंदेरी स्टिकर होता. तो कशासाठी असतो हे काकांना कुणी शिकवायला नको होतं. ते स्वतः भरलेल्या प्रत्येक मोटरच्या स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका देत. ठिपका तडकला की गॅरंटी संपली. गिऱ्हाईक गयावया करो, ओळख सांगो, काका ठिपक्यावर बोट ठेवून गप्प उभे राहायचे. म्हणजे सगळं माहीत होतं. पण हाताची आणि डोक्याची त्या घटकेला बोलाचाल नव्हती. स्टिकर मधोमध फाटला.

आणि आत काय होतं म्हणता? काहीच नाही. एक हिरवी पाटी, दोन पंखे, चार वायरी आणि बाकी स्वच्छ मोकळी जागा. सैल, जळकं, गंजलेलं म्हणून काही नाही. काकांनी सात मिनिटं नुसतं पाहिलं, बोटसुद्धा लावलं नाही, आणि झाकण बसवलं. मग स्टिकर नखानं दाबून बसवायला गेले तर त्यावर बारीक चौकड्या उमटल्या, त्या काही केल्या जाईनात. हात दाखवून अवलक्षण ते हेच. शेवटी त्यांनी पेटी जरा फिरवली आणि ती बाजू भिंतीकडे केली.

त्या संध्याकाळी त्यांनी मत दिलं, की वॉरंटी मुळीच घ्यायची नाही.

पुढचे वीस दिवस ते हेच मत देत राहिले. बाईंनी मागितलं नाही तरी. कॉम्प्युटरच्या किमतीचा सहावा हिस्सा त्या कागदाला मोजायचा म्हणजे नाकापेक्षा मोती जड. असली वस्तू बिघडायची तर पहिल्या काही महिन्यांत बिघडते, तेव्हा फुकटची वॉरंटी असतेच. एकदा पहिलं वर्ष धड गेलं की ती सहसा पुढेही चालते. मागच्या पानावरचा बारीक मजकूर वाचला का? पाणी सांडलं तर नाही, वीज कमीजास्त झाली तर नाही, पडलं तर नाही, आणि आतले नकाशे गेले तर त्याला कंपनी जबाबदार नाही. मग उरलं काय? त्यापेक्षा तेवढेच पैसे बाजूला टाक, बिघडलं तर दुरुस्तीला होतील, नाही बिघडलं तर तुझेच.

वाईट हे, की यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तरी काकांनी हेच सांगितलं असतं. पण बाईंना सांगताना त्यांचा आवाज उगाच चढायचा, आणि खाई त्याला खवखवे म्हणतात तसं, बोलून झाल्यावर त्यांचे डोळे भिंतीकडे जायचे. बाईंनी सगळे मुद्दे चौकटीच्या कागदावर दोन रकान्यांत लिहून काढले. कागद पंधरा दिवस टेबलावर होता. काकांना वाटलं, चला, आपला रकाना लांब आहे, निभावलं.

आणि आज ही तपासणी.

काका दुकानात गेले. गिरणीची मोटर अर्धी भरून ठेवलेली होती, ती घेतली. वेढे मोजता मोजता चाळीसवर आले आणि पुढे एक्केचाळीस की बेचाळीस ते आठवेना. पुन्हा उलगडली, पुन्हा मोजायला बसले, पुन्हा हरवलं. गिरणीवाला येऊन विचारून गेला, तर त्याच्यावर विनाकारण खेकसले. मग त्यांच्या डोक्यात आलं, की तारेवर गुंडाळायच्या पट्ट्यांच्या खणात चंदेरी चिकटपट्टी आहे. कात्रीनं त्यांनी बरोब्बर नखाएवढा तुकडा कापला, कडा गोल केल्या, कागदावर चिकटवून खिशात टाकला आणि बाराच्या सुमारास घरी आले. मूळ स्टिकरवर कंपनीची बारीक अक्षरं होती, हे त्यांना जिना चढताना आठवलं. तरी चढले.

बाई कॉम्प्युटरपाशीच होत्या. कुठल्याशा दवाखान्याचा नकाशा चालला होता, भिंती एकेक करून पडद्यावर उभ्या राहत होत्या. काका मागे घुटमळले. मागची धूळ जरा झाडू का, म्हणून विचारून पाहिलं.

"हात," बाई मान न वळवता म्हणाल्या. काकांनी हात मागे घेतला.

स्वयंपाकघरात जाऊन ते पाणी प्यायले, तहान नसताना दुसरं भांडं प्यायले, खिडकी उघडली, लावली. सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात येत नव्हतं असं नाही. चारला कळण्यापेक्षा साडेबाराला कळलेलं बरं, एवढी अक्कल त्यांनाही होती. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? पंख्याच्या वेळी सांगितलं होतं, शिलाई मशीनच्या वेळी सांगितलं होतं, रेडिओच्या वेळी तर रडवेले झाले होते. त्या प्रत्येक वेळी बाई रागावल्या होत्या, आणि तो राग काकांनी झेलला होता. आता त्या रागावल्या नाहीत तर? तर काय, याचा विचार नको म्हणून त्यांनी खिडकी पुन्हा उघडली.

जेवताना त्यांनी शेवटचा प्रयत्न म्हणून सगळे मुद्दे पुन्हा मांडले, सहावा हिस्सा, बारीक मजकूर, सगळं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, की तुमचा शब्दन्शब्द बरोबर आहे, मी दोनदा पडताळून बघितलंय. आणि तरी मी घेणार आहे.

"अगं, मग का?"

"घ्यायचीय."

यावर काका तोंड उघडणार, अगदी उघडलंच होतं, तेवढ्यात बाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. आज वॉरंटीवाले येणार वगैरे बोलणं झालं, आणि मग पलीकडून तिनं काहीतरी विचारलं असणार, कारण बाई खळखळून हसल्या. नाही गं, म्हणाल्या, महिना झाला, खरंच नाही लावला हात, मलाच विश्वास बसत नाही. हसतानाच त्यांनी काकांकडे पाहिलं. त्या नजरेत कौतुक होतं. काकांनी तोंड मिटलं आणि ताटातलं संपवलं. काय खाल्लं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दोन ते चार हे दोन तास कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. वर्तमानपत्राचं एकच पान त्यांनी तीनदा वाचलं. जिन्यात पाऊल वाजलं की उठायचे. एकदा वाटलं दुकानात जाऊन बसावं, आपल्या पाठीमागे व्हायचं ते होऊ दे. पायरीपर्यंत जाऊन परत आले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सव्वाचारला तपासणीला एक तिशीतली मुलगी आली. पाठीवर पिशवी, कमरेला हत्यारांचा पट्टा. बोलणं मोजकं. तिनं कॉम्प्युटर चालू केला, बंद केला, मागचा नंबर लिहून घेतला, मग गुडघ्यावर बसली आणि पेटी हलकेच भिंतीपासून पुढे ओढली. ओढण्याच्या पद्धतीवरूनच काकांनी ओळखलं, हिला काम येतं. तिचा अंगठा कडेवरून सरकत गेला आणि तिसऱ्या स्क्रूवर थांबला.

"हे उघडलं होतं का कुणी?" तिनं विचारलं.

"छे," बाई म्हणाल्या.

"सील फाटलंय." तिनं वर पाहिलं. बाईंकडे, मग काकांकडे. काकांच्या शर्टाच्या खिशाला तीन पेचकस अडकवलेले होते, रोजच्यासारखे. तिची नजर तिथे जरा रेंगाळली.

बाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "यांच्याकडे बघू नका," त्या म्हणाल्या. "यांचा धंदाच आहे उघडायचा, पण याला यांनी हात लावलेला नाही. मी सांगितलं होतं आणि यांनी पाळलंय. मी देते सही."

मुलगी जरा विचारात पडली. मग म्हणाली, की कधीकधी गोदामातूनच असं फाटकं येतं, कंपनीलाही माहीत आहे. ग्राहकानं लिहून दिलं, की आमच्याकडे उघडलेलं नाही, तर तेवढं चालतं. पिशवीतून तिनं एक फॉर्म काढला, एका ओळीवर खूण केली आणि पेनसकट बाईंपुढे ठेवला.

झाकली मूठ झाकलेलीच राहत होती. काकांना काही करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. वॉरंटी मिळत होती, संसार चालत होता, कुणाचं काही जात नव्हतं. बाईंनी चष्मा लावला. फॉर्म वाचला, कारण न वाचता सही करणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. मग पेन उचललं आणि आपलं नाव लिहायला सुरुवात केली, ताठ, सुटं, एकेक अक्षर, नकाशाखाली लिहावं तसं.

ते अक्षर पाहिलं आणि काकांना बघवेना. साहेबानं दम दिला तेव्हा न केलेली सही ही बाई आज त्यांच्यासाठी करत होती, आणि ती खोटी आहे हे तिला माहीतसुद्धा नव्हतं.

"थांब," काका म्हणाले. "मी उघडलं."

पेन थांबलं.

"दहाव्या दिवशी. तू मापं घ्यायला गेली होतीस तेव्हा. आत हात नाही लावला. नुसतं पाहिलं."

मुलीनं फॉर्म हळूच ओढून घेतला आणि दुमडून पिशवीत टाकला. मग तिच्या कामाचं जे होतं ते तिनं सांगितलं, वर न बघता. जादा वॉरंटी आता देता येणार नाही. आणि पहिल्या वर्षाची फुकटची होती तीही गेली, तसं मला लिहावं लागेल. बाईंनी विचारलं, वॉरंटी नसेल तर बिघडल्यावर तुम्ही येता का? येतो, मुलगी म्हणाली, पण वॉरंटीवाले आधी. बाकीच्यांना तीन-चार आठवडे लागतात. बाईंनी बरं म्हटलं, तिला पाणी विचारलं, दारापर्यंत सोडायला गेल्या.

परत आल्या तेव्हा काका पेटीशेजारी तसेच उभे होते. ओरडतील, या आशेवर. खरंच, आशाच म्हणायची ती.

बाई खुर्चीवर बसल्या. ओरडल्या नाहीत.

"तुम्हाला काय वाटलं, मला कॉम्प्युटरची काळजी होती?" त्या म्हणाल्या. "तुमचे मुद्दे मला कळत नव्हते का? बिघडलं की फोन लावायचा. कुणीतरी येणार, दुरुस्त करणार, निघून जाणार. तुम्हाला विचारायला नको, तुमची वाट बघायला नको, तुमच्या दुकानातल्या खोक्यात माझी वस्तू शोधायला नको. तीन वर्षं. एवढंच विकत घेत होते मी."

काकांना वाटलं काहीतरी बोलावं. खोटी सही मी तुला करू दिली नाही, असं एक वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं. त्याबद्दल शाबासकी मागायची ही वेळ नव्हती, एवढं त्यांना उमगलं, आणि काकांच्या मानानं ते पुष्कळच उमगणं होतं.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

"आता काय?" बाईंनी पडदा चालू केला. दवाखान्याच्या भिंती पुन्हा दिसू लागल्या. "आता तुम्हीच."

आणि त्या कामाला लागल्या. काका दारात उभे राहिले. बिघडलेल्या वस्तूंवर त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. कुणाचं काही बिघडलं की त्यांचे हात शिवशिवायचे, आतून बरं वाटायचं. पण त्या दुपारी बायकोच्या पाठीकडे बघताना त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की देवा, हे एवढं मात्र बिघडू नये.